सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल वाढवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न आईवडिलांकडून, आजीआजोबांकडून आणि काही शिक्षकांकडून आले आहेत. ‘मूल चालेल का?’ हा सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न, पण इथे तो पाचवा आहे. त्या एका प्रश्नामागे धावताना मुलाचं बोलणं, खाणं, दुखणं आणि खुब्याचा सांधा मागे पडतात, असं फार वेळा दिसतं. पुढे सगळीकडे ‘सीपी’ असं लिहिलं आहे. औषधांची नावं दिली आहेत, पण ती घ्यायची की नाही आणि किती घ्यायची हे मुलाला तपासणारे डॉक्टरच ठरवतील.

१. सीपी म्हणजे नेमकं काय? ती वाढत जाते का?

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा जन्मानंतरच्या पहिल्या दोनेक वर्षांत मेंदूला इजा झाली, किंवा मेंदूची घडणच वेगळी झाली, आणि त्यामुळे हालचालीवर आणि तोलावर कायमचा परिणाम राहिला, तर त्याला सीपी म्हणतात. हजार जिवंत जन्मांमागे साधारण दोन मुलांमध्ये ती आढळते. दहापैकी आठ मुलांमध्ये स्नायू ताठर असतात. उरलेल्यांपैकी काहींच्या हालचाली मनाविरुद्ध, पिळवटल्यासारख्या होतात, तर काहींचा तोल जातो आणि हात थरथरतात. काही मुलांत याचं मिश्रण दिसतं.

मेंदूतली इजा वाढत नाही. शरीर मात्र बदलत राहतं. हाडं लांब होतात, ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाहीत, आणि तिसऱ्या वर्षी सहज टेकणारी टाच नवव्या वर्षी उचललेली दिसू शकते. पालकांना वाटतं, आजार बळावला. हा वाढीचा परिणाम असतो आणि त्यावर उपाय आहेत (प्रश्न ९). आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागलं, तर मात्र थेट प्रश्न १७ वाचा.

२. गरोदरपणात माझं काही चुकलं का?

हा प्रश्न बहुतेक आयांच्या मनात असतो आणि फार थोड्या तो मोठ्यानं विचारतात. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून सीपी झाली, असं जवळजवळ कधीच नसतं.

या समजाला जुना इतिहास आहे. विल्यम जॉन लिटल या इंग्रज शल्यविशारदानं १८६१ साली या मुलांचा संबंध अवघड बाळंतपणाशी आणि जन्मावेळी श्वास कोंडण्याशी जोडला, आणि पुढची शंभरेक वर्षं तेच कारण धरलं गेलं. १८९७ साली सिग्मंड फ्रॉइड यांनी शंका काढली होती की, बाळाच्या मेंदूत आधीच काही बिघडलेलं असेल आणि बाळंतपण अवघड होणं हा त्याचाच परिणाम असेल. तेव्हा ते मेंदूविकारांचे डॉक्टर म्हणून काम करत होते. त्यांचं फारसं कुणी ऐकलं नाही. आता माहीत आहे की जन्मावेळी प्राणवायू कमी पडणं हे थोड्याच मुलांमधलं कारण असतं. अपुऱ्या दिवसांचा जन्म, फार कमी वजन, जुळी-तिळी, गर्भातला संसर्ग, गर्भातच मेंदूची रक्तवाहिनी तुंबणं, तीव्र कावीळ, जनुकांतले बदल, अशी कारणं बरीच आहेत. अनेकदा दोन-तीन एकत्र येतात आणि काही वेळा शोधूनही सापडत नाहीत. ‘तू तेव्हा धावपळ केलीस म्हणून’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर त्यांना हे उत्तर वाचायला द्या.

३. डॉक्टर म्हणतात, ‘थोडी वाट बघू.’ किती वाट बघायची?

संशय असेल तर वाट बघू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पूर्वी निदान एक ते दोन वर्षांच्या दरम्यान व्हायचं. आता जोखमीच्या बाळांमध्ये पाच महिन्यांच्या आतही खात्रीनं अंदाज बांधता येतो. त्यासाठी मेंदूचा एमआरआय, बाळाच्या आपोआप होणाऱ्या हालचालींचं चित्रीकरण पाहून केलेलं परीक्षण आणि ‘हॅमरस्मिथ’ नावाची मज्जासंस्थेची तपासणी यांचा एकत्र विचार करतात.

घरी लक्षात येणाऱ्या खुणा अशा: चौथ्या महिन्यानंतरही मुठी घट्ट मिटलेल्या राहणं, मान न धरणं, नऊ महिन्यांपर्यंत न बसणं, लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणं, आणि वर्षाच्या आत एकच हात वापरणं. शेवटची खूण लोक कौतुकानं सांगतात, ‘आमचं बाळ डावखुरं आहे.’ त्या वयात हात ठरलेला नसतो. दुसरा हात का वापरत नाही, हे बघायला हवं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा.

निदानाचं नाव पक्कं नसलं तरी ‘सीपीचा मोठा धोका’ एवढ्यावर थेरपी सुरू करता येते. पुढे सीपी नाही असं निघालं, तरी त्यात बाळाचं नुकसान झालेलं नसतं.

४. बुद्धीवर परिणाम होतोच का?

नाही. सीपी असलेल्या साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अक्षमता असते, म्हणजे निम्म्यांना नसते. शरीर किती अडलं आहे यावरून डोकं किती चालतं हे ठरवता येत नाही. ज्यांच्या हालचाली मनाविरुद्ध होतात आणि ज्यांचं बोलणं ऐकणाऱ्याला अजिबात समजत नाही, अशा काही मुलांची समज वयाला साजेशी असते. बुद्धीच्या नेहमीच्या चाचण्यांना बोलावं लागतं, ठोकळे हलवावे लागतात, वेळेत उत्तर द्यावं लागतं. अशा चाचणीत मुलाचे हात आणि जीभ नापास होतात आणि शिक्का बुद्धीवर बसतो. चाचणी करायचीच असेल तर नजरेनं किंवा बोटानं उत्तर देता येईल अशी पद्धत मागा.

कळत नाही असं धरून न बोलण्यापेक्षा कळतं असं धरून बोलणं केव्हाही बरं. डोळे आणि कान मात्र लवकर तपासून घ्या. दहात एका मुलाला दृष्टीची गंभीर अडचण असते, आणि न दिसणारं मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून ओरडा खातं.

५. माझं मूल चालेल का?

बऱ्यापैकी अंदाज सांगता येतो, आणि तो सांगितला गेला पाहिजे. रॉबर्ट पॅलिसानो आणि कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हालचालींच्या क्षमतेचे पाच स्तर मांडले. त्याला जीएमएफसीएस म्हणतात. पहिल्या स्तरातली मुलं चालतात, धावतात, फक्त वेग आणि तोल थोडा कमी असतो. दुसऱ्या स्तरातली चालतात, पण जिना किंवा खडबडीत जागा आली की आधार शोधतात. तिसऱ्यातली वॉकर किंवा कुबड्या घेऊन चालतात. चौथ्यातली मुख्यतः व्हीलचेअर वापरतात. पाचव्यातल्यांना मान आणि धड सावरायलाही मदत लागते.

दोन वर्षांपर्यंत आधाराशिवाय बसणारी बहुतेक मुलं पुढे कशी ना कशी चालतात. एकूण पाहिलं तर तिनात दोन मुलं चालतात, एक चालत नाही. हालचालींची जी काही क्षमता येणार असते तिचा नव्वद टक्के भाग पाचव्या वर्षापर्यंत, आणि पाचव्या स्तरात तर तिसऱ्या वर्षाच्या आतच, आलेला असतो. म्हणून दहा वर्षांच्या मुलाला फक्त ‘चालवण्यासाठी’ रोज तासन्‌तास झिजवणं मला पटत नाही. त्या वयात त्याला मित्र हवे असतात, अभ्यास हवा असतो, स्वतः कपडे घालता यायला हवे असतात. तुमच्या मुलाचा स्तर डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला विचारा. या पानावरची निम्मी उत्तरं त्यावर अवलंबून आहेत.

६. व्हीलचेअर दिली तर चालण्याची इच्छाच मरेल ना?

अशी भीती वाटते, पण तसं होत नाही. स्वतःच्या मनानं इकडून तिकडे जाता आलं की मूल जास्त बघतं, जास्त विचारतं, जास्त खोड्या करतं. दीड-दोन वर्षांची मुलंही बटणावर चालणारी गाडी चालवायला शिकतात. घरात वॉकर आणि बाहेर व्हीलचेअर असं दोन्ही वापरणारी मुलं पुष्कळ आहेत. शाळेच्या दारापर्यंत चालत जाऊन दमलेल्या मुलाकडे वर्गात शिकायला ताकद उरत नाही, हाही हिशोब धरा.

७. रोज किती तास व्यायाम करून घ्यायचा?

तासांपेक्षा कशाचा सराव होतो ते महत्त्वाचं. मूल स्वस्थ पडलेलं आणि मोठं माणूस त्याचे हातपाय वाकवतंय, अशा व्यायामाचा उपयोग फार थोडा आणि थोडाच वेळ टिकणारा असतो. जे करता यायला हवं तेच, मुलानं स्वतः, पुन्हा पुन्हा करणं याचा फायदा जास्त दिसतो. चमचा धरायचा असेल तर चमच्याचा सराव. खुर्चीतून पलंगावर जायचं असेल तर तेच. ध्येय एका वेळी एक-दोनच, आणि मूल सांगू शकत असेल तर त्यानं निवडलेलं.

शरीराची एकच बाजू अडलेली असेल, तर चांगला हात काही काळ बांधून किंवा हातमोजा घालून अडलेल्या हाताला काम लावण्याची पद्धत उपयोगी आहे. दोन्ही हातांनी करायच्या खेळांचा कार्यक्रमही तितकाच चांगला. दोन्ही गोष्टी थेरपिस्टच्या देखरेखीखाली करा, कारण वय आणि वेळ यांचा हिशोब असतो.

उरलेला वेळ आईनं आईच असावं. आंघोळ, जेवण, खेळ, सगळ्याची थेरपी झाली की मुलाला मायेचा स्पर्श आणि व्यायामाचा स्पर्श वेगळा कळेनासा होतो.

८. बोलत नाही. चित्रांचा तक्ता किंवा बोलणारं यंत्र दिलं तर बोलणं कायमचं थांबेल का?

थांबत नाही. सीपी असलेल्या चारांत एका मुलाला बोलता येत नाही, आणि पर्यायी साधन दिल्यानं बोलणं अडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. काही मुलांचे शब्द उलट थोडे वाढतात, कारण आपलं म्हणणं पोचतं हा अनुभव मिळतो.

ही कल्पना नवी नाही. चार्ल्स ब्लिस यांनी सगळ्या देशांतल्या माणसांना एकमेकांशी लिहून बोलता यावं म्हणून १९४९ साली एक चिन्हलिपी प्रसिद्ध केली. ती बरीच वर्षं तशीच पडून होती. १९७१ साली टोरांटोतल्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन आणि सहकाऱ्यांनी ती न बोलणाऱ्या सीपीच्या मुलांना शिकवली, आणि ज्या मुलांना तोवर फक्त हो-नाही सांगता यायचं, ती चिन्हं जोडून स्वतःची वाक्यं करू लागली. आज त्याच कामासाठी टॅब्लेट आहेत, नजरेवर चालणारे पडदे आहेत.

सुरुवात कागदापासून होते. ‘हो’ आणि ‘नाही’ यांची एक पक्की खूण ठरवा, जी घरातले सगळे ओळखतील: डोळे वर, हात उचलणं, काहीही चालेल. मग चित्रं. त्यांत पाणी, शू, झोप एवढंच ठेवू नका. ‘नको’, ‘पुन्हा’, ‘मला राग आलाय’, ‘दुखतंय’, ‘गंमत सांगू?’ हेही ठेवा. मोठ्यांनी बोलताना त्याच चित्रांवर बोट ठेवायचं, कारण पाहिल्याशिवाय कुणीच भाषा शिकत नाही. आणि विचारल्यावर थांबा. उत्तर द्यायला काही मुलांना दहा-पंधरा सेकंद लागतात, आणि तेवढ्यात आपण तीन प्रश्न विचारून मोकळे झालेलो असतो. चालण्यावर जेवढी शक्ती खर्च होते, तिच्यातली निम्मी यावर व्हावी असं मला मनापासून वाटतं.

९. ताठरपणासाठी बोटॉक्स, गोळ्या की ऑपरेशन?

आधी विचारा, ताठरपणा कशात आड येतो? काही मुलं पायातल्या ताठरपणाच्याच जोरावर उभी राहतात. तो पूर्ण घालवला तर उभं राहणंही जातं.

दोन-तीन स्नायूंचाच प्रश्न असेल तर स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं (बोटॉक्सचं) इंजेक्शन देतात. परिणाम साधारण तीन-चार महिने राहतो, आणि त्या काळात व्यायाम आणि पायाचे स्प्लिंट (सांधा नीट धरून ठेवणारे आधार) चालू ठेवले तरच त्याचा फायदा होतो. सगळं शरीर ताठर असेल तर बॅक्लोफेनसारखं तोंडानं घ्यायचं औषध, किंवा तेच औषध पाठीच्या कण्याभोवतीच्या द्रवात सोडणारा पंप असतो. बॅक्लोफेन कधीही एकदम बंद करू नका, गावाला जातानाही संपू देऊ नका. अचानक बंद झाल्यास फिट येऊ शकते. दोन्ही पाय ताठर असलेल्या निवडक मुलांत मणक्यातल्या काही संवेदी मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करतात. स्नायू आखडूनच गेले असतील तर हाडा-स्नायूंची शस्त्रक्रिया. ती फार लहान वयात एकेक करत गेल्यास वाढीबरोबर पुन्हा करावी लागते, म्हणून चालणाऱ्या मुलांत शक्य तिथे थोडं थांबून सगळी दुरुस्ती एकाच वेळी करण्याकडे कल आहे.

१०. दुखत नाही, तरी खुब्याचा एक्स-रे का काढायचा?

कारण दुखायला लागेपर्यंत उशीर झालेला असतो. ताठर स्नायू मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीतून हळूहळू बाहेर ओढतात आणि सुरुवातीला बाहेरून काहीच दिसत नाही. हालचालींचा स्तर (प्रश्न ५) पहिल्याकडून पाचव्याकडे जातो तसा धोका वाढतो: पहिल्या स्तरात जवळजवळ नाही, पाचव्यात दहापैकी नऊ मुलांत खुबा सरकतो. म्हणजे जी मुलं कधीच चालणार नाहीत त्यांच्याच खुब्याची सर्वांत जास्त काळजी घ्यायला हवी. ‘चालणारच नाही तर कशाला?’ असा विचार करू नका. सरकलेला खुबा बसताना, झोपताना, लंगोट बदलताना दुखतो.

एक्स-रेवर गोळ्याचा किती भाग खोबणीबाहेर आहे ते टक्क्यांत मोजतात. तीस टक्क्यांच्या वर गेला तर अस्थिशल्यविशारदाला दाखवायचं. दक्षिण स्वीडनमध्ये १९९४ साली सीपीच्या सर्व मुलांची अशी नियमित पाहणी सुरू झाली आणि तिथे खुबा पूर्ण निखळणं जवळजवळ थांबलं. इतक्या साध्या उपायाचा इतका मोठा फायदा या विषयात दुसरा मला माहीत नाही. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा विषय काढला नसेल तर तुम्ही काढा.

११. एकेक जेवण तासभर चालतं आणि ठसका लागतो. काय करू?

जेवण सतत अर्ध्या तासाच्या पुढे जात असेल तर ती मदत मागण्याची वेळ आहे. मूल ताठ बसलेलं, पाय टेकलेले, मान किंचित पुढे असावी. मान मागे टाकून घास भरवला तर तो श्वासनलिकेत जायचा धोका वाढतो. पातळ द्रव पटकन घशात उतरतात, म्हणून पाण्याला ठसका लागणाऱ्या मुलाला घट्टसर द्रव सोपे जातात. किती घट्ट, हे गिळण्याची तपासणी करणारा स्पीच थेरपिस्ट सांगेल. ठसका न लागताही अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. जेवताना आवाज घरघरता होणं, डोळ्यांत पाणी येणं, वारंवार छातीचा संसर्ग होणं या त्याच्या खुणा आहेत.

वजन वाढतच नसेल तर पोटात थेट नळी बसवण्याचा विषय निघतो. ऐकून आयांना आपण हरलो असं वाटतं. नळी बसवल्यावरही झेपेल तेवढं तोंडानं चवीपुरतं देता येतं, आणि जेवणाची वेळ भांडणाची राहत नाही.

१२. रात्री रडतो, कारण कळत नाही.

आधी दुखणं शोधा. सीपी असलेल्या चारांपैकी तिघांना कुठे ना कुठे दुखतं. बद्धकोष्ठता, पोटातलं आम्ल घशाशी येणं, दात, कान, खुबा (प्रश्न १०), स्नायूंचे पेटके, घट्ट झालेला स्प्लिंट, या क्रमानं पाहत जा. ‘सीपीची मुलं रडतातच’ हे उत्तर कुणाकडूनही स्वीकारू नका. केव्हा रडतो, कुठल्या कुशीवर, जेवणानंतर किती वेळानं, हे आठवडाभर लिहून ठेवा आणि शक्य असेल तर मोबाइलवर चित्रित करून डॉक्टरांना दाखवा.

१३. फिट आली तर? आणि लस द्यावी का?

चारांत एका मुलाला अपस्मार असतो. फिट आली की कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णालयात न्या. लसी नेहमीच्या वेळापत्रकानं द्याव्यात. छातीचे संसर्ग या मुलांना जास्त त्रास देतात, त्यामुळे लस चुकवणं महागात पडतं.

१४. स्टेम सेल किंवा ऑक्सिजन चेंबरनं बरं होतं म्हणतात.

ऑक्सिजन चेंबरबद्दल कॅनडातला १११ मुलांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या मुलांना दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला, निम्म्यांना किंचित दाबाखालची साधी हवा. दोन्ही गट सारखेच सुधारले. म्हणजे सुधारणा ऑक्सिजनमुळे झाली असं म्हणता येत नाही. स्टेम सेलवर अजून संशोधन चालू आहे. ते नेहमीचे उपचार म्हणून विकत घेण्याच्या टप्प्यावर आलेलं नाही. कुणी पैसे मागून ‘पूर्ण बरं करू’ म्हणत असेल तर उठून या. संशोधनात भाग घ्यायचा असेल तर लेखी माहिती आणि नीतिसमितीची मंजुरी दाखवायला सांगा.

१५. मोठ्या मुलीकडे लक्षच देता येत नाही, आणि आम्हीही थकलो आहोत.

भावंडांना खरं कारण त्यांच्या वयाला कळेल तसं सांगा. हे तिच्यामुळे झालेलं नाही आणि लागण होत नाही, ही दोन वाक्यं लहानांना हमखास हवी असतात. आठवड्यातला थोडा वेळ फक्त तिचा ठेवा. तिला मदतनीस बनवण्याची घाई नको.

तुमच्या थकव्याला औषध एकच, काळजी घेणारं दुसरं माणूस तयार करणं. कसं उचलायचं, कसं भरवायचं, हो-नाहीची खूण कुठली, हे एका पानावर लिहून घरातल्या आणखी दोघांना शिकवा. उचलताना कंबर वाकवू नका, गुडघे वाकवा. मूल वाढतं, तुमची पाठ तीच राहते.

१६. शाळेत पहिल्या दिवशी काय सांगू?

निदानाचा इतिहास नको. एक पान पुरे: कसं बसतं, कसं बोलतं, कशाला किती वेळ लागतो, शौचाला मदत कोण करणार, फिट आल्यास काय करायचं, आणि त्याला काय आवडतं. हाताचा प्रश्न असेल तर लिहिण्याऐवजी तोंडी किंवा कीबोर्डवर उत्तर चालेल का, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या.

१७. निदान सीपीचं आहे, पण काहीतरी जुळत नाही. निदान चुकू शकतं का?

हो. सीपीसारखे दिसणारे इतर आजार आहेत आणि त्यांतले काही बरे करता येतात. पुन्हा तपासणी मागावी अशा परिस्थिती: येत असलेली कौशल्यं जाऊ लागणं, एमआरआय पूर्ण नॉर्मल असणं आणि जन्माच्या वेळी काहीही न घडणं, घरात आणखी कुणाला असंच असणं, उपाशी राहिल्यावर किंवा तापात एकदम बिघडणं. दहापैकी एखाद्या मुलाचा एमआरआय सीपी असूनही नॉर्मल येतो, म्हणून एकट्या त्यावरून घाबरू नका.

एक खूण मुद्दाम लक्षात ठेवा. मूल सकाळी झोपून उठल्यावर बरं चालतं आणि संध्याकाळपर्यंत पाय वळू लागतात, अडखळतं, पडतं, असं रोज होत असेल तर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या कमतरतेमुळे होणारा एक जनुकीय आजार असू शकतो. त्यात लेव्होडोपा हे औषध अगदी थोड्या मात्रेत दिलं तरी फरक दिसतो, आणि वर्षानुवर्षं सीपी म्हणून उपचार घेतलेली काही मुलं त्यानंतर नीट चालू लागली आहेत. सकाळचं आणि संध्याकाळचं चालणं एकाच दिवशी चित्रित करा आणि मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवून विचारा, ‘लेव्होडोपा देऊन बघता येईल का?’